बिनआवाजाचा पंप

सुदेश तांडेलने लाइट बिल जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं, ते उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवला आणि म्हणाला, "दसरा झाला की मागचा खड्डा बुजवून टाकू. मातीला आपल्याकडे काय तोटा?"

तोटा नव्हताच. सुदेशचे डंपर होते. बाळकुमला टॉवरचे पाये खणले जायचे, तिथली माती उचलायची आणि ज्याला भराव हवा त्याच्या दारात नेऊन ओतायची, हाच त्याचा धंदा. आणि खड्डा म्हणजे खडवलीच्या त्यांच्या घरामागचा स्विमिंग पूल. जमिनीचे पैसे हातात आले त्या वर्षी मित्रांच्या ईर्ष्येने त्यानेच तो बांधून घेतला होता. पहिल्या उन्हाळ्यात पाहुण्यांनी तो गजबजला, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यात बेडूक झाले.

समिधाने तव्यावरची भाकरी उलटली आणि वळूनही न बघता विचारलं, "बुजवून काय करणार?"

"लॉन. लग्नाच्या हळदीला भाड्याने देऊ."

"आणि माझ्या बायका?"

"तुझ्या बायका नदीवर जातील. आधी कुठे जायच्या?"

समिधाचा हात तिथेच थांबला. नदीवरूनच तर हे सगळं सुरू झालं होतं.

समिधा बाळकुमच्या कोळीवाड्यातली. तिच्या वडिलांनी मुलांना खाडीत पोहायला शिकवलं, मुलींना नाही. "पोरीला पोहून कुठे जायचंय?" असं त्यांचं म्हणणं. ही भावाच्या पाठोपाठ पाण्यात उतरायची, होडीच्या काठाला धरून पाय मारायची, आणि एके दिवशी काठ सुटला तरी बुडाली नाही. ओल्या परकराने घरी आली तेव्हा आईने दोन धपाटे घातले आणि तिसऱ्या वेळी हात आवरता घेत विचारलं, "कुठपर्यंत गेलेलीस?" मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकली, लग्न झालं ते खाडीकाठच्याच घरात; सासरच्यांनी जमीन विकली तशी त्यांच्याबरोबर खडवलीला आली. सुकट-बोंबील स्वच्छ करून पाकिटं भरायची आणि फोनवर ऑर्डरी घेऊन विकायची, हा तिचा स्वतःचा धंदा. सकाळी एकविरा आईच्या तसबिरीपुढे दिवा लावल्याशिवाय ती चहाला हात लावत नसे, पण त्याचा गाजावाजाही करत नसे.

शेजारची शेवंती डोंबिवलीच्या चाळीतून लग्न होऊन इथे आलेली. नळाखाली वाढलेल्या बाईला नदीचं काय माहीत? गोधड्या धुताना दगडावरून तिचा पाय सटकला आणि ती प्रवाहाबरोबर निघाली. समिधा शेजारच्याच दगडावर होती म्हणून वाचली. समिधाने तिला वेणीला धरून ओढून काढलं. शेवंती खोकत, रडत बसली होती आणि समिधा तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "वेणीला धरून मी किती जणींना काढणार गं? त्यापेक्षा तुम्ही शिका."

त्याच आठवड्यात तिने पुलातले बेडूक काढले, पंप चालू केला आणि मंगळवार-शुक्रवारची दुपार बायकांची ठरवली. वस्तीतल्या बायका जुने पंजाबी ड्रेस घालून यायच्या, कठडा घट्ट धरून किंचाळायच्या, एकमेकींना हसायच्या. सासूबाई भागीरथी पायरीवर बसून टोमणे मारायच्या, "आगो पाय मार, चकलीसारखी गुंडालतंस काय!"

आता तो पूल बुजणार होता.

समिधा भांडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरातलं सगळं बंद केलं, पंखे, फ्रीज, टीव्ही, आणि मीटरपुढे उभी राहिली. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. मग तिने फक्त पुलाचा पंप लावला. पंपाने अख्खं अंगण थरथरवलं आणि लाल दिवा असा लुकलुकू लागला की जणू त्याच्या मागे कुत्रं लागलंय. तिला हवं ते कळलं. पूल बिचारा वीज खात नाही. तो नुसता पडून असतो. खातो तो पंप.

"मग पंप बदला," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "पूल कशाला मारता?"

"नवीन पंप कुणाच्या पैशाने?"

"सुकटीच्या."

सुदेशने घास चावत तिच्याकडे बघितलं. ही बाई एकदा बोलली की बोलली, हे त्याला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. "ठीक आहे. पण दसऱ्याच्या आत बिल निम्म्यावर आलं पाहिजे. नाहीतर मी डंपर आणणार, आणि मग तोंड पाडायचं नाही."

"पाडलं तर बघा."

घोडबंदर रोडला पुलाचं सामान विकणारं एक दुकान आहे असं तिला भावाकडून कळलं. पुढच्या वेळी माहेरी गेली तेव्हा ती तिथे पोचली. काचेचं दार, आत थंडगार, आणि काउंटरवर सिद्धेश नावाचा तिशीतला इंजिनीयर.

"बसा ना मॅडम. साहेब गाडी पार्क करून येतायत का?"

"साहेबांना पूल बुजवायचाय. वाचवायचाय मला. तेव्हा तू माझ्याशीच बोल."

सिद्धेश हसला आणि खुर्ची ओढून समोर बसला. त्याने पुलाची लांबी, रुंदी, खोली विचारली. समिधाने सुदेशचा साइटवरचा टेप लावून सगळं मोजून आणलं होतं. "आणि पाइप किती जाडीचा?" त्याने विचारलं. तेवढंच नेमकं राहिलं होतं.

तिने घरी फोन लावला. "आई, मागे दोडक्याच्या वेलाला पाइपाचा तुकडा टेकू लावलाय ना, पुलाचा उरलेला? त्याच्यावर तुमची बांगडी चढते का बघा."

"माझी बांगरी? कया?"

"बघा तर."

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग भागीरथीबाईंचा आवाज आला, "बसली गो, बरोबर बसली. पन आता निघंना!"

"राहू द्या, आल्यावर काढते." समिधाने फोन ठेवला. "माझ्या सासूबाईंची दोन-आठची बांगडी त्याच्यावर गच्च बसते. दोन-आठ म्हणजे आतून अडीच इंच."

"म्हणजे त्रेसष्टचा पाइप," सिद्धेश लिहून घेत म्हणाला. "पाइप चांगला मोठा आहे, हे बरंय. आणि पंप?"

"दोन एचपीचा. बांधणारा म्हणाला, मोठाच टाका शेठ, पुढे कमी पडायला नको."

"सगळे हेच सांगतात. लोकही धार बघूनच पंप घेतात." त्याने हाताने दाखवलं. "आपल्याला सवय असते ना, पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरायची, बंद करायची. तिथे जोर लागतो, पाणी चौथ्या मजल्यावर चढवायचं असतं. तुमच्या पुलाचं पाणी कुठे चढवायचंय? एका बाजूने घ्यायचं, फिल्टरमधून काढायचं, दुसऱ्या बाजूने परत सोडायचं. ते फक्त फिरवायचंय."

समिधाने बोटाने हवेत एक गोल काढला. "म्हणजे प्रदक्षिणा."

"तसंच म्हणा."

"मग ती पळत कशाला घालायची?"

"तेच तर!" सिद्धेशला एकदम उत्साह आला. त्याने दुकानातल्या मोठ्या टबाला जोडलेला एक पंप चालू केला. त्यावर वेग कमी-जास्त करायची बटणं होती. "तुमचा जुना पंप एकाच वेगाचा. चालू म्हणजे पूर्ण, नाहीतर बंद. ह्याचा वेग आपल्या हातात. आणि गंमत अशी, वेग निम्मा केला की वीज निम्मी होत नाही, त्याच्याही खूप खाली येते. कागदावर आठवा हिस्सा. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, तुम्ही पाव धरा."

"पण पाणी निम्म्याच वेगाने फिरणार. वेळ दुप्पट लागणार."

"लागणार."

"दुप्पट वेळ, पाव वीज. म्हणजे निम्मं." समिधाच्या डोळ्यांपुढे सुदेशचा चेहरा आला. "निम्म्याचीच पैज आहे. अगदी काठावर आली म्हणायची."

"पाव हा मी हात राखून सांगितला. त्याच्या खालीच येईल. आणि गाळणंही चांगलं होतं. फिल्टरमध्ये वाळू असते, पाणी जोरात गेलं की..."

"ते कळलं. ताक भसकन ओतलं की गाळणीतून सगळंच खाली येतं."

मग तिने आपले प्रश्न काढले. एक वेगाचा छोटा पंप घेतला तर? चालेल, सिद्धेश म्हणाला, स्वस्तही पडेल, पण तळाचा गाळ ओढताना आणि फिल्टर उलटा धुताना जोर हवा असतो, तिथे तो हात टेकेल. बिघडला तर खडवलीपर्यंत माणूस येईल का? येईल. बारा तास चालला तर तापेल का? नाही, हळू चालणारा पंप कमी झिजतो. पावसात उघड्यावर राहील का? नाही, वर पत्रा पाहिजे. समिधाने टबात हात घालून पाण्याची ओढ बघितली. मग पंपाच्या पाठीवर तळवा ठेवला, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. पंप चालू होता, पण थरथरत नव्हता.

"दे हाच," ती म्हणाली.

पंप बसला त्या दिवशी तिने त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि सगळ्यांना बोलावून बजावलं, "हा कमी स्पीडवरच चालवायचा. लाइट गेली-आली तरी तो आपोआप कमीवरच येतो. बटणाला कुणी हात लावायचा नाही. पूल धुवायचा असेल तेव्हा मी वाढवेन."

सुदेशने कान पुढे केला. "चालूये का?"

"चालूये."

"वाटत तर नाही."

"पंप आहे, बँडबाजा नाही."

पावसाचे दिवस होते, तरी महिनाभर पूल छान निवळ राहिला. शेवंती आता कठड्याला एकाच हाताने धरू लागली होती. आणि मग बिल आलं.

कमी झालं होतं. पण अगदी जरासं, भाजीवरच्या कोथिंबिरीएवढं. सुदेश काही लागट बोलला नाही, हेच समिधाला जास्त लागलं. त्याने फक्त विचारलं, "डंपरला सांगून ठेवू?"

"दसऱ्याला वेळ आहे," ती म्हणाली, पण त्या संध्याकाळी दिव्याची वात तिला दोनदा नीट करावी लागली. आपण फसलो का? त्या मुलाने गोड बोलून गळ्यात मारलं का? देवापुढे बसून माणसाबद्दल वाईट चिंतणं तिला बरं वाटेना. तिने उठून सरळ सिद्धेशलाच फोन लावला.

"काकू, पंपावर आत्ता आकडा किती दिसतोय तेवढं बघा."

समिधा टॉर्च घेऊन गेली. वेग पूर्ण होता. तिने बटण दाबून तो खाली आणला. पूर्ण वेगातही हा पंप जुन्यासारखं अंगण थरथरवत नसल्याने तिला आधी कळलंच नव्हतं. पहाटे पाहिलं तर खाली. दुपारी पाहिलं तर पुन्हा वर.

आता मात्र तिने पदर खोचला. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या चादरींच्या आड स्टूल टाकून ती बसली. घरात भूत असेल तर तेही बघून घेऊ.

सगळ्यात आधी सुदेश आला. दात घासत, खांद्यावर टॉवेल. पंपापाशी थबकला, कान दिला, इकडेतिकडे बघितलं आणि एक बोट पुढे करून बटण दाबत राहिला, घरघर ऐकू येईपर्यंत. मग समाधानाने चूळ भरून गेला. समिधाने वेग पुन्हा खाली आणला आणि परत चादरीआड जाऊन बसली.

थोड्या वेळाने भागीरथीबाई तुळशीला पाणी घालून वळल्या. "परत गप झाला मेला," त्या पुटपुटल्या आणि बटण दाबलं. समिधाने ते खाली आणलं.

दुपारी शेवंती सगळ्यांच्या आधी आली. पुलात जिथून पाणी परत सुटतं तिथे तिने वाकून हात धरला, चुकचुकली आणि पटकन जाऊन बटण दाबलं.

"शेवंती!"

चादरींतून आवाज आला तशी शेवंती दचकून पुलातच पडता पडता वाचली.

"ताई! अहो, धार एकदम बारीक झालेली. मी रोज डोकावून नीट करून देते, तुम्हाला त्रास नको म्हणून."

"रोज?"

"रोज."

समिधाने सुदेशला आणि सासूबाईंना तिथल्या तिथे हाक मारली. तिघंही पंपापुढे उभी राहिली, शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखी.

"मी काय सांगितलेलं? हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं ना?"

"अगं, मला वाटलं तुला फसवलं त्या दुकानवाल्याने," सुदेश म्हणाला. "मरतुकडा पंप दिला. बायका येणार, पूल हिरवा झाला तर तुझीच फजिती. म्हणून मी आपला सकाळी जरा दम भरून ठेवायचो."

"पूल बुजवायला निघालेला माणूस माझ्या पुलाची काळजी करतोय!"

"पैज वेगळी आणि फजिती वेगळी," सुदेश टॉवेलने मान पुसत म्हणाला.

"आमच्या चाळीत," शेवंती हळूच म्हणाली, "पाणी कमी आलं असं कुणी ओरडलं ना, तर आम्ही हातातलं टाकून धावायचो. कमी शब्द ऐकला की अजून माझे पाय आपोआप धावतात हो ताई."

समिधा बोलायला गेली, पण भागीरथीबाई पायरीवर टेकल्या होत्या आणि पाण्याकडे बघत होत्या. समिधाने पंप पुन्हा खालच्या वेगावर आणला होता. जास्वंदीचं एक पान पाण्यावर पडलं होतं. ते घाई न करता, पण कुठे न थांबता, पुलाच्या कडेने चाललं होतं. कोपऱ्यावर वळलं आणि पाणी आत ओढून घेणाऱ्या तोंडाशी जाऊन टेकलं.

"ह्यो तं भांगाचा पानी," भागीरथीबाई म्हणाल्या.

"काय?" शेवंतीने विचारलं.

"उधानाला खारीचा पानी कसा येतो? सगला गाल ढवलीत, गढूल. आनी अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो. पानी येतो, जातो, पन निवांत. तवाच तो निवल असतो. आमचे सासरे बोलायचे, उधान जाल्याला, भांग डोल्याला; मासली उधानात गावते, पानी बघावा तं भांगात." त्यांनी सुनेकडे मान वळवली. "तुझाच चुकला गो. तू बोललीस कमी. घरात कंचीबी गोष्ट कमी हाय म्हटली का मानूस ती वारवनारच. कमी भात बघून कोन गप बसल? भांग हाय म्हनून सांगितला असतास तं मी कया हात लावला असता? भांगाला कोन हात लावतो?"

समिधाने कपाळावर हात मारला आणि मग तिला हसू फुटलं. खाडीवर जन्म काढलेल्या तीन माणसांच्या घरात तिने दुकानातला शब्द आणून ठेवला होता आणि शहाण्यासारखी महिनाभर त्याच्यावर विसंबून बसली होती.

तिने आपल्या कपाळाची टिकली काढली आणि खालच्या वेगाच्या बटणावर चिकटवली. "हा भांग. रोजचा. आणि हे वरचं उधाण, ते फक्त पूल धुवायच्या दिवशी."

"खाडीचं पाणी आम्हाला कळत नाही, पण हे कळलं," शेवंती म्हणाली. "टिकली ती भांग."

त्यानंतर बटणाला कुणी हात लावला नाही. उलट एकदा सुदेशचा ड्रायव्हर हात धुवायला मागे गेला आणि धार बारीक म्हणून पंपाकडे वळला, तेव्हा सुदेशच ओसरीतून ओरडला, "ए, हात नको लावूस! भांग चाललाय!" ड्रायव्हर मुरबाडकडचा, त्याने खाडीचा भांग कुठून ऐकलेला असणार? तो तसाच ओल्या हाताने उभा राहिला.

गणपती गेले आणि पुढचं बिल आलं. सुदेशने पाकीट फोडलं, वाचलं, पालथं करून मागेही बघितलं.

"मीटर बिघडलंय," तो म्हणाला.

समिधा बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बोलवा मग वायरमनला."

त्याने खरंच बोलावलं. वायरमनने मीटर तपासलं, घरातले दिवे लावून-विझवून बघितले, चहा प्यायला आणि मीटर उत्तम आहे असं सांगून गेला. सुदेश बराच वेळ त्या लाल दिव्यापुढे उभा राहिला. पंप चालू होता आणि दिवा आपला सावकाश, जपमाळेचा मणी ओढावा तसा, एकेकदा लुकलुकत होता.

बिल निम्म्याच्याही खाली आलं होतं.

शुक्रवार होता. बायका मागच्या दाराने यायला लागल्या होत्या, त्यांची हसण्या-खिदळण्याची गडबड घरात ऐकू येत होती. समिधा ओढणी कमरेला बांधून निघाली, तेव्हा सुदेश ओसरीत फोनवर बोलत होता. तिला बघून त्याने पाठ केली, पण आवाज काही त्याला हळू करता येत नसे.

"हां, ती बाळकुमची माती... नाही, खडवलीला नाही आणायची. कॅन्सल. टिटवाळ्याच्या साइटला टाक ती... अरे नको आहे म्हणून! इथे बायका पोहतात."

समिधा थांबली नाही. त्याला थांबून बघणं म्हणजे त्याला लाजवणं. तिने देवघरापाशी उभ्याउभ्या हात जोडले आणि मागच्या अंगणात आली. कठड्याला सहा-सात जणी ओळीने लटकल्या होत्या आणि पायरीवरून भागीरथीबाई प्रत्येकीला नावं ठेवत होत्या.

समिधा पाण्यात उतरली, पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले.

"पूल कुठे जात नाही," ती म्हणाली. "तेव्हा आता कठडा सोडायचा. पहिली कोण?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवंतीने डोळे गच्च मिटले, वेणी दातात धरली आणि कठडा सोडला.